चेहऱ्यावरचे वय : सुई पुरेशी की सुरी हवी?

अमेरिकेतील एका मालवाहू ट्रकच्या चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चालक ६९ वर्षांचा. त्याने २८ वर्षे गाडी चालवलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे इतकी वर्षे खिडकीतून येणारे ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत राहिले. छायाचित्रात उजवा गाल वयाला साजेसा दिसतो. डाव्या गालाची कातडी मात्र जाड, खोल घड्यांची आणि लोंबलेली आहे. दोन्ही गाल एकाच माणसाचे आणि एकाच वयाचे, पण पाहणाऱ्याला त्यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर वाटते.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीबी’ किरण काचेने बरेचसे अडतात. त्यांनी त्वचा भाजते. ‘यूव्हीए’ किरण मात्र काचेतून आरपार जातात आणि त्वचेच्या खोल थरातील कोलॅजन व इलॅस्टिन या तंतूंची हानी करतात. त्वचा भाजत नाही, दुखत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. आपण ज्याला चेहऱ्यावरचे वय म्हणतो, त्यात वाढत्या वर्षांचा वाटा असतो तसा उन्हाचा आणि तंबाखूचाही मोठा वाटा असतो.

हे वय कमी दाखवण्याचे उपाय आता केवळ सिनेमातील मंडळींपुरते राहिलेले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणीही ‘विनाशस्त्रक्रिया तारुण्य’ अशा पाट्या दिसतात. शस्त्रक्रिया म्हणजे धोका आणि सुई म्हणजे सुरक्षित, शस्त्रक्रिया महाग आणि सुई स्वस्त, असा समज त्यातून रूढ झाला आहे. प्रत्यक्षात हे दोन मार्ग एकमेकांना पर्याय नसून बहुतेक वेळा वेगवेगळ्या दुखण्यांवरचे वेगवेगळे उपाय आहेत. नेमके काय बिघडले आहे हे न पाहता उपाय निवडला, तर पैसा जातो आणि चेहराही बिघडू शकतो.

उशी आणि अभ्रा

चेहऱ्यावर वयानुसार काय घडते, हे उशीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. नवी उशी गच्च भरलेली असते आणि अभ्रा तिच्यावर ताठ बसलेला असतो. काही वर्षांनी तीन गोष्टी होतात. अभ्र्याचे कापड विरते, त्यावर डाग पडतात. आतला कापूस दबतो आणि एका बाजूला सरकतो. अभ्रा ढगळ होऊन लोंबू लागतो.

चेहऱ्याचेही तसेच होते. तरुणपणानंतर त्वचेतील कोलॅजन दरवर्षी थोडे थोडे कमी होत जाते. त्वचा पातळ व कोरडी होते, रंग एकसारखा राहत नाही. त्वचेखाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात; त्यातील काही आटतात, काही खाली सरकतात. कवटीचे हाडही झिजते. डोळ्याची खोबण रुंदावते, जबड्याचा आधार कमी होतो. त्वचेला हाडाशी बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. यात चौथी गोष्ट मिळते ती हालचालींची. कपाळाला आठ्या घालणे, भुवया जवळ आणणे, हसताना डोळे बारीक करणे यांमुळे त्याच त्याच जागी त्वचा मुडपते आणि पुढे ती घडी कायमची होते.

म्हणजे प्रश्न चार आहेत : हालचालींच्या रेषा, आतला भराव कमी होणे, त्वचेचा पोत व डाग, आणि सैल लोंबणारी कातडी. पहिल्या तिघांवर शस्त्रक्रियेविना उपाय आहेत. चौथ्यावर, ती कातडी खरोखरच जास्त असेल तर, शस्त्रक्रियेच्या तोडीचा दुसरा उपाय अजून तरी नाही.

विषाचे औषध

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे. त्यातील औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जिवाणूचे विष. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत युस्टिनुस कर्नर या डॉक्टरने बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी त्याच विषाचा अतिसूक्ष्म डोस तिरळेपणासाठी वापरून पाहिला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी त्याला मान्यता दिली.

सौंदर्योपचारातला त्याचा प्रवेश योगायोगाने झाला. कॅनडातील व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स यांच्या एका रुग्णाने, पापण्यांच्या विकारासाठी इंजेक्शन घेताना, भुवयांमध्येही ते द्यावे असा आग्रह धरला. कारण तिथल्या आठ्या त्यामुळे नाहीशा होत होत्या. त्यांचे पती अॅलिस्टर कॅरुदर्स त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून या उपयोगाचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. भुवयांमधील रेषांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००२ मध्ये.

हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश अडवते. स्नायू सैलावला की त्यावरची त्वचा मुडपत नाही. परिणाम तीन ते पाच दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. कपाळ, भुवयांमधली जागा आणि डोळ्यांच्या कडा या ठिकाणी त्याचा उपयोग चांगला होतो. लोंबलेल्या गालावर मात्र तो होत नाही, कारण तिथला दोष स्नायूच्या आकुंचनाचा नाही. चुकीच्या जागी किंवा जास्त प्रमाणात दिल्यास पापणी किंवा भुवई खाली येते. काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. पण तोवर वाट पाहण्याखेरीज फारसे काही करता येत नाही. गरोदर व स्तनदा स्त्रियांना तसेच मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे मज्जातंतू-स्नायूंचे आजार असणाऱ्यांना ते दिले जात नाही.

भराव घालणारे फिलर

दबलेल्या उशीत कापूस भरावा तसे फिलर त्वचेखाली भराव घालतात. आज सर्वाधिक वापर हायलुरॉनिक आम्लाच्या जेलचा होतो. हा पदार्थ आपल्या त्वचेतही असतो आणि पाणी धरून ठेवतो. जागा आणि जेलचा प्रकार यानुसार परिणाम सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. त्याचा एक मोठा फायदा असा, की हायलुरॉनिडेज या विकराचे इंजेक्शन देऊन तो विरघळवता येतो. कायमस्वरूपी फिलरना ही सोय नाही; त्यांची गाठ झाली तर ती काढणे अवघड जाते.

शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांतला सर्वांत गंभीर धोका फिलरमध्येच आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्या वाहिनीवर अवलंबून असलेली त्वचा मरते. भुवयांमधल्या आणि नाकाभोवतीच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. त्यामुळे जेल तिकडे सरकून कायमचे अंधत्व आल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये याबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. हे प्रमाण अत्यंत कमी आहे, पण घडले तर हातात फार थोडा वेळ असतो. इंजेक्शननंतर तीव्र वेदना, त्वचा एकाएकी पांढरी पडणे, जाळीसारखे निळे-जांभळे डाग उमटणे किंवा दृष्टीत बदल होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ‘उद्या बघू’ म्हणण्याची ही वेळ नसते. म्हणूनच जिथे हायलुरॉनिडेज हाताशी नाही आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नाही, तिथे फिलर घेणे म्हणजे स्वतःला धोक्यात घालणे होय.

दुसरा तोटा डोळ्यांना दिसणारा आहे. ढगळ अभ्रा ताठ करण्यासाठी उशीत कापूस कोंबत राहिले तर उशी फुगते, तिचा आकार जातो. सैल कातडीवर फिलरचा मारा केला की गाल सुजल्यासारखे, डोळे बारीक झाल्यासारखे दिसतात. अनेक नामवंतांच्या चेहऱ्यांबाबत जी कुजबुज होते, तिचे मूळ बहुधा इथे असते.

लेसर, पील आणि सावळी त्वचा

त्वचेचा पोत, बारीक रेषा आणि डाग यांसाठी लेसर, केमिकल पील व मायक्रोनीडलिंग वापरतात. तत्त्व एकच : त्वचेला मोजकी, नियंत्रित इजा करायची आणि भरून येताना शरीराला नवे कोलॅजन बनवायला लावायचे. पूर्वीचे लेसर त्वचेचा संपूर्ण पृष्ठभाग काढत. २००४ नंतर आलेल्या फ्रॅक्शनल तंत्रात हजारो सूक्ष्म ठिपक्यांतच इजा केली जाते. मधली त्वचा शाबूत राहिल्याने जखम लवकर भरते.

भारतीय वाचकांनी इथे विशेष लक्ष द्यायला हवे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेतील मेलॅनिन उन्हापासून बरेच संरक्षण देते, त्यामुळे आपल्याकडे बारीक सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा दिसतात. पण हीच त्वचा इजा झाली की काळे डाग धरते. मुरूम फोडल्यावर महिनोन् महिने राहणारा डाग हे त्याचे घरगुती उदाहरण. लेसरची तीव्रता किंवा पीलची खोली गोऱ्या त्वचेच्या मापाने ठेवली, तर सुरकुतीऐवजी काळसर चट्टा पदरी पडतो. म्हणून आपल्याकडे सौम्य तीव्रता, जास्त बैठका आणि आधी-नंतर उन्हापासून कडक बचाव हीच पद्धत योग्य ठरते. खोल फिनॉल पीलमुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. ते पार्लरमध्ये करण्याचे काम नव्हे.

रेडिओलहरी आणि केंद्रित अल्ट्रासाउंड यांनी त्वचेखालचा थर तापवून कातडी आवळण्याचे उपचारही लोकप्रिय आहेत. सुरुवातीच्या सैलपणावर त्यांचा माफक उपयोग होतो. विरघळणाऱ्या धाग्यांनी गाल वर ओढण्याच्या ‘थ्रेड लिफ्ट’चा परिणामही मर्यादित आणि तात्पुरता असतो. ‘शस्त्रक्रियेविना फेसलिफ्ट’ ही जाहिरात या दोन्हींबाबत केली जाते. तिच्यातला पहिला शब्द खरा आहे, दुसऱ्याला तेवढा आधार नाही.

सुरीचे काम

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचे नाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. टिपू सुलतानाच्या सैन्याच्या तावडीत सापडून नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक, कपाळाची कातडी वळवून, पुण्यात पुन्हा घडवले गेले. त्याचा सचित्र वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये आला आणि युरोपीय शल्यविशारदांचे लक्ष या भारतीय पद्धतीकडे गेले. ती गरजेची शस्त्रक्रिया होती. केवळ तरुण दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या त्या विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०१ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन हॉलेंडर यांनी एका उमराव घराण्यातील स्त्रीच्या आग्रहावरून तिच्या कानाजवळची कातडी काढून चेहरा ओढून घेतला, ही त्यातील पहिल्यांपैकी एक नोंद मानली जाते.

सुरुवातीला फक्त कातडी ओढून शिवत. ती लवकर पुन्हा सैलावे आणि चेहरा वाऱ्यात उभा राहिल्यासारखा ताणलेला दिसे. १९७६ मध्ये फ्रान्सच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्वचेखालच्या स्नायू-आवरणाच्या थराचे सविस्तर वर्णन केले आणि चित्र बदलले. आता ताण त्या खोल थरावर दिला जातो, कातडी केवळ जास्तीची तेवढी कापून सैल हाताने शिवली जाते. चीर कानशिलाच्या केसांत सुरू होऊन कानाच्या पुढून, पाळीला वळसा घालून मागच्या केसांत जाते, त्यामुळे व्रण सहसा लपतो. परिणाम साधारण सात ते दहा वर्षे टिकतो. वय थांबत नाही. पण घड्याळाचे काटे काही वर्षे मागे नेल्यासारखे होते.

वरच्या पापण्यांची जास्तीची कातडी काढणारी शस्त्रक्रिया याहून लहान असते आणि ती बहुधा जागा बधिर करून होते. पापणी इतकी लोंबत असेल की वरचे दिसत नाही, तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, नजरेचाही होतो.

शस्त्रक्रियेचे धोके सुईच्या तुलनेत उघड आहेत. त्वचेखाली रक्त साचणे ही फेसलिफ्टनंतरची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांत आणि पुरुषांत तिचे प्रमाण जास्त असते. चेहऱ्याच्या हालचाली करणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. ती बहुतेकदा तात्पुरती, क्वचित कायमची असते. जंतुसंसर्ग, ठळक व्रण, भुलीचे धोके हेही आहेत. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ओढून शिवलेल्या कातडीच्या कडा रक्ताअभावी काळ्या पडून मरू शकतात. म्हणून विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करायला सांगतात. आपल्याकडे यात तंबाखू, गुटखा आणि मशेरीही धरायला हवी. मशेरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया ते व्यसन मानतच नाहीत आणि डॉक्टरांनी विचारले तरी सांगत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. त्या सांगाव्यात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

खर्च आणि कॅलेंडर

सुई स्वस्त हा समज एका वेळेपुरता खरा आहे. बोटुलिनमचा परिणाम चार महिने टिकतो असे धरले, तर तो कायम ठेवण्यासाठी वर्षातून तीन वेळा, म्हणजे दहा वर्षांत तीस वेळा इंजेक्शने घ्यावी लागतील. त्यात फिलर आणि लेसरच्या बैठका मिळवल्या की ती बेरीज एका शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या पुढे जाऊ शकते. दुसरीकडे, फेसलिफ्टने बारीक रेषा आणि डाग जात नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही त्वचेची निगा आणि कधी इंजेक्शने लागतातच. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही आणि वैद्यकीय सेवांना असलेली जीएसटीची सूटही त्यांना लागू नाही.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. घरातले लग्न दोन महिन्यांवर आले की दवाखान्यांत गर्दी होते. बोटुलिनमसाठी समारंभाआधी तीन-चार आठवडे, फिलरसाठी किमान महिनाभर हाताशी असावा, म्हणजे सूज उतरते आणि कमी-जास्त झाल्यास दुरुस्ती करता येते. तीव्र लेसर किंवा पील पहिल्यांदाच घ्यायचे असेल तर ते लग्नाच्या तोंडावर घेऊ नये. डाग पडलाच तर तो जायला कित्येक महिने लागतात. फेसलिफ्टनंतर काळेनिळेपणा व सूज दोन ते तीन आठवडे ठळक राहते आणि चेहरा पूर्ण स्थिरावायला काही महिने जातात. दोन महिन्यांवर कार्य असेल तर तो विचार कार्यानंतरच करणे शहाणपणाचे.

सुई कोणाच्या हातात?

सुई घ्यायची की सुरी, याइतकाच ती कोणाच्या हातात आहे हा प्रश्न मोलाचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्योपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे असे उपचार सुरू करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही पार्लरमध्ये फिलर टोचले जातात आणि चुकीची किंमत ग्राहकाच्या चेहऱ्याला मोजावी लागते.

उपचारापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे टाळली गेली तर उठून यावे :

• उपचार स्वतः कोण करणार? त्यांची त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदवी व वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी कोणती?
• माझा प्रश्न रेषांचा, भरावाचा, पोताचा की सैल कातडीचा?
• कुपी किंवा सिरिंज माझ्यासमोर उघडणार का? तिच्यावरचे नाव, बॅच क्रमांक व मुदत मला मिळेल का?
• गुंतागुंत झाली तर काय कराल? त्यासाठीचे औषध इथे आहे का? रात्री कोणाला फोन करायचा?
• काहीच केले नाही तर काय होईल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वय दिसणे हा आजार नाही. उपचार न घेणे ही नेहमीच योग्य निवड असू शकते. न दिसणाऱ्या दोषाने झोप उडालेली असेल, एकामागून एक उपचार करूनही समाधान होत नसेल, तर गरज मानसोपचारतज्ज्ञाची असते. चांगला शल्यविशारद अशा वेळी नाही म्हणतो.

सर्वांत स्वस्त उपाय

सुई आणि सुरी या दोन्हींच्या आधी येणारा उपाय ऑस्ट्रेलियात तपासला गेला आहे. क्वीन्सलँड राज्यातील नांबूर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे मर्जीवर सोडले. हाताच्या पाठीचे ठसे घेऊन त्वचेचे वय मोजले गेले. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या वार्धक्याची वाढ २४ टक्के कमी आढळली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एसपीएफ ३० किंवा अधिकचे, यूव्हीएपासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन चेहरा व मानेसाठी दोन बोटांवर मावेल इतके घ्यावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. टोपी, छत्री, ओढणी, पदर यांचाही उपयोग होतोच. डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री ट्रेटिनॉइनसारखे रेटिनॉइड लावल्यास काही महिन्यांत बारीक रेषा कमी होतात. गरोदरपणात मात्र ते वापरू नये. आणि तंबाखू, कोणत्याही रूपातला, सोडावा.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. मुंबई-पुणे रोज ये-जा करणाऱ्या, दिवसभर टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्या माणसाचा उजवा गाल खिडकीकडे असतो. काच बंद असली तरी यूव्हीए किरण आत येतातच. सुई की सुरी हा प्रश्न त्याच्यापुढे कदाचित कधी येणारही नाही; पण सकाळी निघताना लावलेले बोटभर सनस्क्रीन त्याच्या त्या गालाच्या नक्की कामी येईल.